बर्फावरून दारू: कन्व्हेन्शनमध्ये पहिल्यांदा गेम रन केला त्याची गोष्ट

गेल्या महिन्यात इथे मिशिगनमध्ये एका गेमिंग कन्व्हेन्शनला पहिल्यांदा स्वतःचा गेम रन केला. त्याआधी सहा वर्षं मी नुसता खेळायला जायचो, दुसऱ्याने मांडलेल्या टेबलावर चार तास खेळायचं, हात मिळवायचा आणि पुढच्या टेबलाकडे जायचं. त्या चार तासांसाठी समोरचा माणूस किती महिने खपलेला असतो ते आता कळलं. म्हणून आठवतंय तोवर सगळं लिहून काढतोय, कोणाला असं काही करायचं असेल तर कामाला येईल.

ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिनिएचर वॉरगेम म्हणजे टेबलावर छोटा देखावा उभा करायचा, आपण दिवाळीत किल्ला करतो तसाच, पण त्यावरच्या मावळ्यांना नियम असतात. कोण किती इंच चालणार, गोळी लागली की नाही, ते मोजपट्टी आणि फासे ठरवतात. बहुतेक गेम लढायांचे असतात, वॉटर्लू, नॉर्मंडी वगैरे. माझा गेम गुन्हेगारीचा होता, दारूबंदीच्या काळात गोठलेल्या डेट्रॉइट नदीवरून कॅनडाची दारू अमेरिकेत आणणाऱ्या लोकांचा.

विषय कसा सुचला तर मी राहतो तिथून नदी जवळ आहे आणि हा सगळा इतिहास तिच्या काठावर घडलेला आहे. अमेरिकेत देशभर दारूबंदी लागली १७ जानेवारी १९२० ला, पण मिशिगन १९१८ पासूनच कोरडं झालं होतं, म्हणजे इथल्या लोकांना चोरून आणायची सवय देशाच्या आधी लागली. पलीकडे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात दारू विकायला बंदी होती पण बनवायला आणि परदेशी पाठवायला नव्हती, आणि डेट्रॉइटच्या समोरच्या विंडसर शहरात मोठ्या डिस्टिलऱ्या (दारू बनवायचे कारखाने) होत्या. मधे नदी, ती कुठे कुठे किलोमीटरभर पण रुंद नाही. मग काय, उन्हाळ्यात होड्या आणि हिवाळ्यात बर्फावरून सरळ गाड्या. विंडसरच्या धक्क्यावर कागद बनायचे की माल क्यूबाला चाललाय, आणि साधी वल्ह्यांची होडी दिवसातून दोन-तीनदा 'क्यूबाला' जाऊन परत यायची. बर्फावर जाताना गाडीचे दरवाजे काढून टाकायचे नाहीतर उघडे ठेवायचे, बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून. हे उघड्या दरवाजाचं वाचलं तेव्हाच मला माझा गेम दिसला.

कारण दारूबंदीचे गेम मी बरेच खेळलोय आणि जवळपास सगळे शिकागोचे असतात, हॅट घातलेली माणसं, टॉमी गन, धडाधड गोळ्या, अर्ध्या तासात निम्मे लोक मेलेले. वाईट नसतात, पण ती लढाईच असते, फक्त कपडे वेगळे. गुन्हा करणाऱ्या माणसाला गोळी नको असते, त्याला माल पोचवून घरी जायचं असतं. मला खेळाडूच्या पोटात ती हाव आणि ती भीती एकाच वेळी हवी होती. अजून एक खोकं चढवू का नको, एवढा एकच प्रश्न चार तास.

तर सगळ्यात आधी बर्फ. टेबल सहा बाय चार फूट, एका टोकाला विंडसरचा धक्का, दुसऱ्या टोकाला मिशिगनचा काठ (मी डेट्रॉइटच्या दक्षिणेचं इकोर्स डोळ्यासमोर ठेवलं होतं, तस्करांचं मोठं ठाणं होतं ते), आणि मधे चार बाय चार फुटांची नदी. नदी मी सलग नाही केली, आठ इंचाच्या ३६ चौकोनी फरशा केल्या, तीन मिलिमीटरच्या अॅक्रिलिक शीटच्या. फरशीला खालून गडद निळा-काळा रंग दिला म्हणजे वरून बघताना खोल पाणी वाटतं, आणि वरून पांढरा ड्रायब्रश (जवळपास कोरड्या ब्रशने रंग घासायचा), मॅट वार्निशचा हलका फवारा. काठावरचं बर्फ आधी खाण्याचा सोडा आणि फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद मिसळून केलं होतं, दोन महिन्यांत ते पिवळं पडायला लागलं, जुन्या पांढऱ्या बनियनसारखं. मग सगळं खरवडून संगमरवराची बारीक पूड वापरली. सोडा वापरू नका, सगळीकडे स्वस्त आणि सोपा म्हणून सांगतात पण टिकत नाही.

फिगर्स, म्हणजे टेबलावरची छोटी माणसं, २८ मिलिमीटरच्या, सहा खेळाडूंना प्रत्येकी चार म्हणजे २४, आणि सात गाड्या. आठवड्यातल्या दोन रात्री धरून रंगवायलाच तीन महिने गेले. काळे-करडे ओव्हरकोट एकसारखे दिसतात, टेबलावर तीन फुटांवरून आपला माणूस ओळखता आला पाहिजे, म्हणून प्रत्येक टोळीला मफलरचा एक रंग दिला. ही गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडली. बालसा लाकडाची ६० खोकी कापली, त्यात बायको आणि मुलगी दोघी बसल्या होत्या, खोक्यांवर काळ्या पेनाने रेघा मुलीने मारल्या.

आता नियम. पहिल्या कच्च्या नियमांत गाडी फरशीवर आली की दोन फासे टाकायचे, त्यात खोकी मिळवायची, फरशीची जाडी वजा करायची... घरी दोन मित्रांना बसवून पहिल्यांदा खेळलो तर गाडी नदीच्या मध्यावर पोचेपर्यंत चहा दोनदा झाला. मग फासाच काढून टाकला. एका पिशवीत १ ते ६ आकड्यांच्या चिठ्ठ्या. गाडी नवीन फरशीवर आली की चिठ्ठी काढायची आणि तिथेच ठेवायची, ती त्या फरशीची जाडी. गाडीतली खोकी त्या आकड्यापेक्षा जास्त असली की बर्फाला तडा. दुसरा तडा गेला की गाडी पाण्यात, ड्रायव्हरने उडी मारली तर तो वाचेल, माल गेला. बास. गाडीत सहापर्यंत खोकी भरता येतात, किती भरायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

हे एकदम छान चाललं आणि लगेच नवीन भानगड झाली. चिठ्ठ्या सगळ्यांना दिसतात ना, मग पहिलं कोणीच जाईना! दुसऱ्याने वाट काढून दिली की मी मागून जातो. तीन टर्न तिघेही विंडसरच्या धक्क्यावर गाड्या लावून एकमेकांकडे बघत बसलो. यावर उपाय सापडायला दोन आठवडे लागले आणि तो बाजारातच होता, उतरता भाव. मिशिगनच्या काठावर पोचणाऱ्या पहिल्या पाच खोक्यांना दहा-दहा डॉलर, पुढच्या पाचांना आठ, मग सहा, मग चार. उशिरा पोचणाऱ्याला कमी पैसे. पुढच्या वेळी सगळे एकदम निघाले. एका नियमाने माणसांची वागणूकच बदलते हे मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूत बघितलं, त्या रात्री मला झोप नाही आली.

त्याच दिवसांत आई इथे आली होती. ती गिरगावात वाढलेली. मी जेवणाच्या टेबलावर फिगर्स वाळत ठेवलेल्या, तिने विचारलं हे काय चाललंय रे, मी सांगितलं दारूबंदी वगैरे, तर म्हणाली "त्यात काय, आमच्याकडे पण होती की." आणि खरंच, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा, अजूनही महाराष्ट्रात कागदोपत्री प्यायला परवाना लागतोच. आईच्या लहानपणी हातभट्टीची दारू गाडीच्या ट्यूबमध्ये भरून यायची. तिच्या चाळीच्या मागच्या गल्लीतून एक बाई ट्यूब पोटाला बांधून वरून साडी नेसून यायची, चालताना एक हात कमरेवर, सगळ्यांना वाटायचं दिवस गेलेत. "आणि पोलीस?" तर म्हणाली, "पोलीस बाईच्या पोटाला हात लावणारे का?"

इथल्या नदीवर पण तेच. विंडसरच्या फेरीबोटीतून येणारे लोक कोटाखाली, स्कर्टखाली बाटल्या बांधून आणायचे. मग मी एक पंचविसावी फिगर घेतली, डोक्याला रुमाल आणि लांब कोट घातलेली म्हातारी. नियम असा की ती चालत बर्फ ओलांडते, तिच्या वजनाने तडा जात नाही, तिच्यावर गोळी झाडता येत नाही. कस्टम्सवाला तिला अडवून झडती घेऊ शकतो, पण त्यात त्याचा पूर्ण टर्न जातो. ती चार बाटल्यांपर्यंत नेऊ शकते आणि किती आहेत ते तिचा खेळाडू कागदावर लिहून घडी घालून ठेवतो. आईला फिगर दाखवली तर तिने कोट तपकिरी नको, जांभळा कर म्हणून सांगितलं. केला जांभळा.

एक गोष्ट मी मुद्दाम टाळली, ती म्हणजे खऱ्या गुंडांची नावं. डेट्रॉइटची पर्पल गँग प्रसिद्ध आहे, एकाने सांगितलं पण की ते नाव टाक, स्लॉट दहा मिनिटांत भरेल. पण १६ सप्टेंबर १९३१ ला त्या लोकांनी कॉलिंगवुड मॅनर नावाच्या इमारतीत तीन माणसांना बोलावून घेऊन मारलं, आणि तशा माणसांचं नाव घेऊन कोणी माझ्या टेबलावर टाळ्या पिटाव्यात असं मला वाटत नव्हतं. दुसऱ्या एका मित्राने, मराठीच, विचारलं की नव्वदच्या मुंबईचा अंडरवर्ल्ड का नाही करत, रिक्षा, चाळी, मस्त टेरेन (टेबलावरचा देखावा) होईल. टेरेन मस्त होईल यात शंका नाही. पण मी त्या मुंबईत मोठा झालोय, गिरण्या बंद पडल्यावर कोणाकोणाची मुलं कुठे गेली ते आमच्या आजूबाजूच्या घरांतून बघितलंय. त्यांच्या आया अजून आहेत. मला तो खेळ मांडता येणार नाही. नव्वद-शंभर वर्षं मधे गेली की माणूस थोडा मोकळा श्वास घेऊन त्याकडे बघू शकतो, निदान मी तरी. म्हणून टोळ्या काल्पनिक, नदी खरी, कायदा खरा, भाव माझ्या मनाचे.

आता प्रत्यक्ष दिवस. शनिवार, दुपारी एक ते पाचचा स्लॉट. सकाळी सातला गाडी भरली, बाहेर शून्याखाली तापमान, आणि एक धडा तिथेच मिळाला. ग्लू गनचा गोंद थंडीत कडक होऊन सुटतो. हॉलमध्ये पोचून डबे उघडले तर विंडसरच्या धक्क्याचे सगळे लाकडी खांब सुटे, दोन गाड्यांचे हेडलाइट गायब. सुपरग्लू आणि ब्लू टॅक जवळ होतं म्हणून निभावलं. मांडायला एक तास धरला होता, लागले एक तास चाळीस मिनिटं. कन्व्हेन्शनने दोन आठ फुटी टेबलं जोडून दिली होती, माझ्या सहा बाय चारच्या भोवती जागा उरली ती खेळाडूंचे कागद, फासे, कॉफीचे कप ठेवायला, आणि ही जागा लागतेच लागते, नाहीतर कप बर्फावर येतात.

नावं नोंदवलेल्या सहांपैकी चारच आले. हे होतं म्हणे नेहमी. तिकीट नसलेले लोक बाजूला थांबलेले असतात, त्यातून एक बाबा आणि त्याची बारा वर्षांची मुलगी आली. वयाची अट मी १२ च ठेवली होती तरी मी बाबाला बाजूला घेऊन विचारलं, गुन्हेगारीचा गेम आहे, चालेल का. तो म्हणाला तिच्या पणजोबांचं घर वायंडॉटला नदीवरच होतं, घरात या गोष्टी ऐकूनच मोठी झालीये. बाबाला मी कस्टम्सवाला दिला. मुलीने प्रत्येक टोळीच्या माहितीची पाकिटं बघून कोळ्यांचं कुटुंब उचललं, त्यांच्याकडे गाडी नाही, दोन ढकलगाड्या, मासे पकडायची एक झोपडी आणि ती जांभळ्या कोटातली म्हातारी.

सुरुवात वाईट झाली. मी प्रत्येक फिगरला एक पत्ता ठेवला होता, गठ्ठ्यातून पत्ता निघेल त्या फिगरची चाल. घरी तिघांत ते मजेदार वाटायचं. सहा जणांत २५ पत्ते, आणि पहिला टर्न संपायला ४५ मिनिटं लागली. एक खेळाडू फोन काढून बसला, आणि जीएमला (गेम मास्टर, गेम चालवणारा) याच्याइतकं काही मनाला लागत नाही. बाजूच्या टेबलावर नेपोलियनच्या लढाईचा गेम खेळणारे लोक दर दोन मिनिटांनी ओरडतायत, माझा आवाज कोणाला पोचत नाहीये. दुसऱ्या टर्नच्या आधी मी थांबलो, सरळ सांगितलं की हे हळू चाललंय, चूक माझी आहे, आता प्रत्येकाला एकच पत्ता आणि पत्ता निघाला की आपल्या चारही फिगर एकदम हलवायच्या. कोणी काही बोललं नाही, उलट हायसं वाटलं लोकांना. पुढचा टर्न १८ मिनिटांत. तिघांत तपासलेला गेम सहांसाठी तपासलेला नसतो, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

आणि मग ते झालं ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता.

हिरव्या मफलरवाला खेळाडू, साठीचा शांत माणूस, त्याने पहिली गाडी पूर्ण रिकामी सोडली. रिकाम्या गाडीने तडा जात नाही, पण ती जाईल तिथे चिठ्ठ्या निघत जातात. बाकीचे हसले, रिकामी गाडी काय पाठवतोयस. ती मधोमध गेली, ५, ६, ४, मग २, मग ६. नदीच्या मध्याला एक २ ची फरशी, तिच्या डावीकडे १, उजवीकडे ६. म्हणजे जड गाडीला पार जायला ती ६ एवढीच एक फरशी. आणि त्याने आपली रिकामी गाडी त्या ६ वर नेऊन उभी केली, इंजिन बंद. मागून सहा खोकी भरून लाल मफलरवाला आला. हिरव्याने विचारलं, दोन खोकी दे, गाडी बाजूला घेतो.

माझ्या नियमांत टोल असा शब्दच नव्हता. मी नुसता उभा राहून बघत होतो. लालवाल्याने भावाच्या पट्टीकडे बघितलं, डावीकडच्या १ कडे बघितलं, मागून येणाऱ्या तिसऱ्या गाडीकडे बघितलं आणि दोन खोकी काढून दिली. एकही गोळी न झाडता टेबलावरचा पहिला गुन्हा झाला, आणि तो खेळाडूंनी स्वतः शोधून काढला होता. फोनवाला खेळाडू तोपर्यंत टेबलावर वाकून उभा होता.

गोळ्या नंतर चालल्या, नाही असं नाही. लुटारूंच्या टोळीने झोपडीच्या आडून तिसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला मारलं, पण गाडी थांबली ती तडा गेलेल्या फरशीवर. माल समोर दिसतोय, आणि दुसरी गाडी तिथे नेता येत नाही. चालत जाऊन माणशी एक-एक खोकं आणायला त्यांचे दोन टर्न गेले, तोवर भाव सहावर आला होता. माणूस मारून त्यांना मिळाले १८ डॉलर. हे सुद्धा मी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, आकड्यांतूनच आलं.

शेवटच्या टर्नला सगळे म्हातारीकडे बघत होते. ती चार टर्न हळूहळू चालत मिशिगनच्या काठाजवळ पोचली होती आणि कस्टम्सवाला बाबा तिच्यापासून तीन इंचांवर. झडती घ्यायची की दुसऱ्या टोकाला उतरणाऱ्या लाल गाडीमागे धावायचं? त्याने मुलीला विचारलं, आजीबाई, कोटाखाली काय आहे? मुलगी काही बोलली नाही, कागद घट्ट धरून बसली. त्याने झडती घेतली. घडी उघडली. शून्य बाटल्या. आणि ज्या टर्नमध्ये तो झडती घेत होता त्याच टर्नमध्ये तिच्या दोन ढकलगाड्या झोपडीमागून निघून टेबलाच्या पार उत्तरेच्या कोपऱ्यात काठाला लागल्या, आठ खोकी. चार टर्न ती म्हातारी रिकामीच चालत होती! आख्ख्या टेबलाने टाळ्या वाजवल्या, नेपोलियनवाले वळून बघायला लागले. पैशांत हिरवा मफलर पहिला आला, ती दुसरी, पण त्या दिवशी पहिला कोण आला ते कोणाच्या लक्षात असेल असं मला वाटत नाही. बाबा घडी उघडलेला तो कागद खिशात घालून घेऊन गेला, मी पण मागितला नाही.

पाचला संपलं तेव्हा माझा घसा पूर्ण बसला होता. आवरायला तासभर, ३६ फरशा मधे कागद घालून एकावर एक, कारण येताना तशाच ठेवल्यामुळे चार-पाचांवर ओरखडे पडले होते. फोनवाला खेळाडू आवरायला थांबला, खोकी मोजून डबीत भरली त्याने, ५८ भरली, दोन हॉलमध्ये कुठेतरी गेली.

रविवारी आईला फोन केला, ती परत गेलीये गिरगावात. रिकाम्या म्हातारीचं सांगितलं तर ती जराही चकित झाली नाही. म्हणाली ती ट्यूबवाली बाई पण कधीकधी नुसती उशी बांधून यायची, तेव्हा तिचा मुलगा मागच्या जिन्याने वर चढायचा. मी विचारलं हे आधी का नाही सांगितलंस, तर म्हणाली तू विचारलंस कुठे.

वसंतातल्या कन्व्हेन्शनचा फॉर्म परवा भरला. या वेळी पाचच खेळाडू घेणार, फिगर नाही तर खेळाडूमागे एक पत्ता, सहाच टर्न, आणि धक्क्याचे खांब ग्लू गनने न चिकटवता आतून तार घालून. म्हातारीच्या जोडीला एक मुलगा रंगवायला घेतलाय.